उंबरठ्याच्या आत: बाहेरची चप्पल, घरातली चप्पल

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की बाहेरची चप्पल उंबरठ्याच्या आत येऊ नये. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी मला दुजोरा दिला, काहींनी घरातली भांडणं कळवली. दोन-तीन पत्रांनी मात्र मला माझंच वाक्य पुन्हा तपासायला लावलं. मी ३१ वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिका होते. चप्पल आणि फरशी या विषयाकडे मी आधी पायाच्या बाजूने बघते, मग घराच्या. उत्तरंही त्याच क्रमाने देते.

प्रश्न: ताई, माझ्या सासऱ्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. पायाला मुंग्या येतात, कधी कधी खालची फरशी गार आहे की गरम तेही कळत नाही म्हणतात. डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितली आहे. पण आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. तिथे चप्पल फिरली तर घराचं पावित्र्य काय राहिलं, असं सासूबाई म्हणतात. सासऱ्यांनाही ते पटतं. मी बोलले तर 'आजकालच्या मुली' हे ऐकावं लागतं. काय करू? (एक सून, सोलापूर)

उत्तर: हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा. मी त्यांच्याच वयाची आहे, आणि माझ्याही घरात देवघर स्वयंपाकघरातच आहे.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. घरात चप्पल घालायची नाही हा नियम मी त्यांच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे त्यांना तो सांगावाही लागला नाही. एका रविवारी माझ्या मुलाने भिंतीवर शाळेचा नकाशा लावला. तेव्हा एक ड्रॉइंग पिन खाली पडली, ती सापडली नाही आणि आम्ही विसरून गेलो. मंगळवारी संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले, तर फरशीवर देवघरापासून पलंगापर्यंत सुपारीएवढे तांबूस डाग होते. मला वाटलं कुंकू सांडलंय. वाकून पुसायला गेले तेव्हा कळलं. वडील पलंगावर पेपर वाचत बसले होते. ती पिन त्यांच्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाखाली रुतून बसली होती, दोन दिवस. त्यांना काहीही दुखत नव्हतं. जखम चिघळली, चार महिने ड्रेसिंग चाललं आणि शेवटी ते बोट काढावं लागलं. मी रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधत होते आणि माझ्या घरात माझे वडील अनवाणी फिरत होते. हे मी आजवर या सदरात लिहिलं नव्हतं.

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. दुखणं हा पायाचा राखणदार असतो, तोच निघून जातो. खडा टोचला, फरशी तापली, कातडी सोलली, काहीच समजत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असला तर जखम भरत नाही. म्हणून डॉक्टर घरातही चप्पल घालायला सांगतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. रस्त्याची घाण चुलीजवळ नको, हे त्यांचं शंभर टक्के बरोबर. म्हणून चपलेचे दोन जोड घ्या, वेगवेगळ्या रंगांचे. घरातला जोड दाराबाहेर एक पाऊलही जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही. जोड बदलायला दाराशी एक खुर्ची ठेवा, म्हणजे सासऱ्यांना एका पायावर तोल सांभाळत उभं राहावं लागणार नाही. दुसरं म्हणजे चामडं. देवापाशी चामडं नको असं त्यांना वाटत असणार. बधिर पायासाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची चप्पल मिळते. कुष्ठरोगात पाय बधिर होतात, त्या रुग्णांसाठी ती आधी वापरात आली, मग मधुमेहींना दिली जाऊ लागली. तिचे पट्टे चामड्याऐवजी रेक्झिनचे किंवा कापडी मागून घ्या. मागे टाचेला पट्टा हवाच. अंगठ्याची साधी चप्पल बधिर पायातून निघून जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

पूजेला खाली बसवू नका. देवघरासमोर खुर्ची, खुर्चीपुढे पाट. खुर्चीवर बसल्यावर चप्पल काढायची, पाय पाटावर ठेवायचे, पूजा करायची, उठण्याआधी चप्पल घालायची. चालताना पाय उघडा नको, एवढंच. देवापुढे अनवाणी बसल्याचं समाधान त्यांचं त्यांना राहतं. माझ्या वडिलांनी पुढची सहा वर्षं अशीच पूजा केली.

चप्पल घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवून बघा. रात्री झोपताना सासूबाईंनीच त्यांचे तळवे बघावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. हे काम त्यांच्याकडे द्या, त्या तुमच्यापेक्षा बारकाईने करतील. मोजे घालणार असतील तर पांढरे घ्या, रक्ताचा डाग लगेच दिसतो, पण नुसत्या मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर चालू देऊ नका. आंघोळीचं पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं. आणि सोलापूरचा एप्रिल-मे तुम्ही जाणता. त्या दिवसांत देवळात दुपारी अनवाणी प्रदक्षिणा नको. भल्या सकाळी, दगड गार असताना जाऊ द्या.

प्रश्न: वाईला आमचं जुनं घर आहे. ओसरीला आणि माजघराला शहाबादी फरशी. दिवाळीत भाड्याच्या माणसांकडून साफ करून घेतली, त्यांनी संडास साफ करायचं ॲसिड ओतून घासलं. आता पांढरट डाग पडलेत आणि हात लावला की खरखरीत लागतं. कशाने जातील? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कशानेही जाणार नाहीत, कारण ते डाग नाहीत. तिथला दगड विरघळला आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड. कर्नाटकातल्या शहाबादच्या खाणींवरून त्याचं नाव पडलं. ॲसिड पडलं की तो फसफसतो, तेव्हा दगडच खाल्ला जात असतो. ओट्याचा काळा कडप्पा त्याच जातीचा, संगमरवरही. लिंबू पिळताना ओट्यावर थेंब पडून राहिला की फिकट वर्तुळ उमटतं ते यामुळेच. ग्रॅनाइटला आणि व्हिट्रिफाइड टाइल्सला ही भीती नाही.

उपाय एकच, मशीनने पॉलिश करून घेणं. जुन्या फरश्या जाड असतात, एक थर घासला तरी बिघडत नाही. पुढे रोज पुसायला अर्ध्या बादलीत भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब पुरतात, आणि मग साध्या पाण्याचा एक हात. लोकांना वाटतं की वासाचं औषध जितकं जास्त तितकी फरशी स्वच्छ. उलट त्याचा थर साचतो, पाय चिकट लागतात आणि धूळ त्यावरच बसते. शनिवारी खडे मीठ घालून पुसायची पद्धत काही घरांत आहे. दगडी फरशीवर तेवढं टाळा, सांध्यांतून पांढरं फुटतं.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकामागून एकही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. एका दिवाळीच्या आधी आमच्या केंद्रात एका बाईंना रिक्षातून आणलं होतं. दार लावून न्हाणीघर घासत होत्या. दोन्ही औषधं घातली की दुप्पट साफ होईल, असं त्यांना वाटलं. श्वास लागला होता, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. वेळेवर आणलं म्हणून वाचल्या.

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मालक फवारणी करून येतात आणि गमबूट ओट्यावर काढतात. तिथेच आमची दहा महिन्यांची नात रांगते. मी ओटा रोज झाडते. तेवढं पुरे ना? (एक आजी, निफाड)

उत्तर: नाही हो, पुरे नाही. आणि झाडणं तर आधी थांबवा. औषध वाळून धुळीला चिकटलेलं असतं. झाडलं की ती धूळ उडते आणि नात नेमकी त्याच उंचीवर रांगत असते. रांगतं मूल सारखं हात तोंडात घालतं. ओटा ओल्या फडक्याने पुसा, फडकं वेगळं धुवा.

तुमच्या भागातच माझी नोकरी झाली आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांच्या धाकाने किती फवारण्या होतात ते मी बघितलंय. पावसाळी हवा आली की दोन फवारण्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवसांत माणूस थकून घरी येतो, बूट कुठे काढले याचं त्याला भान नसतं. म्हणून सोय आधी करून ठेवा. गमबूट शेतातच पंपाच्या पाण्याने धुवायचे आणि शेडमध्येच उलटे टांगायचे, घरी आणायचेच नाहीत. शेडमध्ये घरी येण्यापुरती साधी चप्पल ठेवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, नातीच्या दुपट्यांत तर मुळीच नाही. आणि मालकांनी आल्याआल्या साबणाने हातपाय धुवायचे, शक्य तर आंघोळच करायची. त्याआधी नातीला उचलायचं नाही.

माझ्या आजोळी, सिन्नरजवळ, दाराशी दगडी डोणी होती आणि तिच्या काठावर तांब्या. शेतावरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय पडवीत चढायचा नाही. पाहुणा आला तर पहिल्यांदा पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी. नवी घरं बांधली तशा त्या डोण्या गेल्या. तुमच्याकडे अंगणात जागा असेल तर ओट्याच्या खाली एक नळ काढून घ्या, त्याच्यापुढे खडबडीत फरशीचा तुकडा टाका. प्लंबर अर्ध्या दिवसात करून देईल.

प्रश्न: आमच्याकडे येणारे इलेक्ट्रिशियन बूट काढायला नकार देतात. उलट काम करणाऱ्या मावशी म्हणतात की मला घरात घालायला चप्पल द्या. दोघांपुढे नियम मोडला तर उद्या कुणीच पाळणार नाही. (एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे, आणि तुम्हाला माझं हे बोलणं कडक वाटलं तरी चालेल.

विजेचं काम करणाऱ्या माणसाला अनवाणी करू नका. रबरी तळ त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये असतो. तो काढून तुमच्या नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर त्याने उघड्या पायांनी वायर धरायची का? जुनी चादर अंथरा, त्याला बूट पुसायला पोतं द्या, गेल्यावर पुसून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

मावशींचे पाय एकदा बघा. चार घरची लादी पुसायची, चार घरची भांडी, पावसाळ्यात वरून चिखल. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा फाटतात, भेगांतून रक्त येतं. त्यांनी मागितलेली चप्पल ही औषधाइतकीच गरजेची आहे. रबरी जोड घ्या, तो तुमच्याच घरी राहील, बाहेर जाणार नाही. म्हणजे तुमचा नियमही मोडत नाही. चिखल्या असतील तर काम झाल्यावर पाय कोरडे करायला त्यांना स्वच्छ टॉवेल द्या आणि मलम लावायला सांगा. आठवड्याभरात फरक दिसेल.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, जे मी वर छापलेलं नाही: 'त्यांची चप्पल आमच्या रॅकवर नको, म्हणून खाली जिन्यात ठेवायला सांगते.' हे माझ्या मनातून जात नाही. चप्पल बाहेर ठेवण्याची आपली रीत चांगली आहे, मी तिची बाजू घेऊनच लिहिते. पण याच रीतीच्या आडोशाने आपल्या गावांत फार वाईट गोष्टी झाल्या. वरच्या आळीतून जाताना काही जातींच्या माणसांना चपला काढून हातात घ्याव्या लागत. आपण लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतो, हळदकुंकू वाहतो. शिंदीच्या पानांची ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या बायामाणसांनी वळली, आणि ती विकायला आलेल्या बाईला माझ्या आजीच्या वाड्यात अंगणाच्या पुढे येऊ देत नसत. मी लहान होते. ती बाई उन्हात उभी असायची आणि केरसुणी आत देवापाशी जायची. मला ते तेव्हाही बघवत नव्हतं. तुमच्या रॅकवर मावशींच्या चपलेला एक कप्पा द्या. सगळ्यांच्या चपला एकाच रस्त्यावरून आलेल्या असतात.

प्रश्न: पावसाळ्यात ओल्या चपला घरात घ्याव्यात की सोसायटीच्या पॅसेजमध्ये ठेवाव्यात? सेक्रेटरींनी रॅक काढायची नोटीस लावली आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नोटीस बरोबर आहे. जिना आणि पॅसेज ही आगीत बाहेर पडायची वाट. राज्यात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे आणि ती वाट मोकळी ठेवणं सोसायटीवर बंधनकारक आहे. धुरात अंधार होतो, तेव्हा लोक रॅकलाच अडखळून पडतात.

चपला आत घ्या, पण दाराच्या लगेच आत एका पसरट ट्रेमध्ये. साचलेल्या पाण्यातून आला असाल तर आधी चप्पल नळाखाली धुवा, पाय साबणाने धुवा, कोरडे करा. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र असतं आणि पायाच्या भेगेतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण किती वाढले ते त्या वेळच्या डॉक्टरांना विचारा. हा जंतू कोरडेपणात टिकत नाही, म्हणून चप्पल वाळणं महत्त्वाचं. आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, पंख्याखाली ठेवा. अशा पाण्यातून चालल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना पाण्यात चालल्याचं आवर्जून सांगा.

प्रश्न: कोरोनानंतर आम्ही मुंबई सोडून गावी, संगमेश्वरला आलो. अंगण पुन्हा शेणाने सारवावं असं मनात आहे. पण मुलगी म्हणते ते अनारोग्याचं आहे. तिला आता बाळ होणार आहे, बाळंतपणाला इथेच येणार आहे. काय करावं? (एक आई, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: अंगण जरूर सारवा. बाळंतिणीची खोली मात्र नाही.

शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. कातडी अखंड असेल तर ते काही करत नाहीत, पण जखमेतून किंवा बाळाच्या नाळेतून गेले तर जिवावर बेततं. मी नोकरीला लागले तेव्हा नाळेला शेण किंवा राख लावायची चाल काही वस्त्यांत होती. आठव्या दिवशी बाळ आखडायचं, दूध ओढेनासं व्हायचं. अशी दोन बाळं माझ्या हातात गेली आहेत. गरोदरपणातल्या इंजेक्शनांमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे हे थांबत गेलं, आणि २०१५ साली आपला देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या बातमीच्या दिवशी मी खूप रडले होते.

म्हणून मुलीची धनुर्वाताची इंजेक्शनं झाली आहेत का ते बघा. बाळाची खोली फरशीची ठेवा, साबणपाण्याने पुसा, नाळेला काहीही लावू नका, ती आपोआप वाळून पडू द्या. तुम्ही सारवणार असाल तर हाताला कापलेलं, चिरलेलं नसावं. सारवून झाल्यावर नखांतून ब्रश फिरवून साबणाने हात धुवा आणि मगच बाळाला घ्या. त्या अंगणात अनवाणी फिरलेली मंडळी घरात येताना पाय धुऊनच आत येतील.

आता सारवण्याचं. शेण ताजं घ्या, चरायला जाणाऱ्या गाईचं असेल तर उत्तम, त्याला तंतू चांगले असतात. आधी अंगण खराट्याने झाडून खडे काढा, खड्डे मातीने भरून चोपून घ्या, हलकं पाणी शिंपडा. शेणात थोडी चाळलेली माती घालून भज्यांच्या पिठाइतकं सरसरीत करा. पातळ झालं तर वाळल्यावर तडे जातात. घराकडून सुरुवात करून फाटकाकडे मागे मागे सरकत या. तळहाताने अर्धगोल ओढत यायचं, दुसरा अर्धगोल पहिल्यावर थोडा चढवायचा. सकाळी लवकर केलंत तर दुपारपर्यंत वाळतं. तोवर कुणी पाय ठेवू नये म्हणून आजी फाटकाशी पाट टाकून मला त्यावर बसवायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मागच्या दाराने जायला सांगायचं काम माझं असायचं.